लिनक्स मिंट २२: विंडोज १० वर अडकलेल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी कसं आहे

सरळ मुद्द्यावर येते. घरात आठ-दहा वर्षं जुना पण धडधाकट कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर अजून विंडोज १० आहे आणि काम म्हणजे ब्राउझर, मेल, यूट्यूब, वीजबिल, बँक, थोडं टायपिंग, फोटो एवढंच, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून घ्या. आमच्याकडे बाबांच्या डेस्कटॉपवर मिंट २२ आहे, मावशीच्या क्लासमधल्या मशीनवर त्याचीच हलकी आवृत्ती आहे, आणि दोघंही कॉम्प्युटरच्या भानगडीत पडणारे नाहीत, म्हणून हा रिव्ह्यू त्यांच्या वापरावरून लिहितेय. मला स्वतःला ह्या गोष्टींची आवड आहे, आणि आवड असलेल्या माणसाला कुठलीही सिस्टिम चालते, त्यामुळे माझ्या मताला इथे फार किंमत नाही, बाबांना जमतंय का ते महत्त्वाचं.

आत्ताच का, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. त्या दिवशी कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, सगळं आदल्या दिवशीसारखंच चालू राहिलं, आणि खरी अडचण तीच आहे, डोळ्याला काही दिसत नाही म्हणून लोक म्हणतात चाललंय ना मग राहू दे. एक वर्षाची मुदतवाढ घेता येते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं आणि वेगळी नोंदणी करावी लागते, माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना असं काही असतं हेच माहीत नाही. विंडोजमधल्या डिफेंडर ह्या अँटीव्हायरसला नव्या व्हायरसांची माहिती २०२८ पर्यंत येत राहणार आहे, त्यावरून बरेच जण निर्धास्त आहेत की अँटीव्हायरस तर चालू आहे. पण अँटीव्हायरस अपडेट होणं आणि सिस्टिममधली भोकं बुजवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ११ वर जावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. बाबांचा सहाव्या पिढीचा आय ३ आहे, ८ जीबी रॅम, काहीही बिघडलेलं नाही, आणि तरी तो बाद. असा चालता कॉम्प्युटर भंगारात द्यायचा हे माझ्या मनाला पटतच नाही.

पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, न लावल्याने काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर २०१७ आठवा. वॉनाक्राय हे फाइली ओलीस धरून पैसे मागणारं घातक सॉफ्टवेअर १२ मे २०१७ ला पसरलं, आणि ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने. ज्यांनी अपडेट घेतलं ते वाचले, ज्यांनी 'नंतर बघू' केलं त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचं दुसरं घातक सॉफ्टवेअर आलं, तेही इतर युक्त्यांबरोबर तेच भोक वापरत होतं, आणि त्याची सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून ते मर्स्क ह्या जहाज कंपनीत घुसलं आणि मर्स्क चालवत असलेलं कंटेनर टर्मिनल आपल्या न्हावा शेवा बंदरात होतं, तिथलं काम ठप्प झालं. कुठे युक्रेनमधलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि कुठे उरणला उभे राहिलेले कंटेनर. त्यामुळे 'आमच्या कॉम्प्युटरात कुणाला काय इंटरेस्ट' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. तुमच्यात इंटरेस्ट असायची गरजच नसते, हे प्रोग्रॅम नावं-गावं बघत नाहीत, उघडं दार सापडलं की आत शिरतात.

त्यात आपल्याकडचा आणखी एक प्रकार म्हणजे फॉरमॅट मारून घेणं. कॉम्प्युटर स्लो झाला की कुणीतरी ओळखीचा मुलगा येतो, फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, फोटोशॉपसुद्धा टाकतो, चारपाचशे रुपये घेतो आणि जातो. ते सगळं 'अ‍ॅक्टिव्हेट' कशाने केलं हे कुणी विचारत नाही. अ‍ॅक्टिव्हेटर चालवायचा म्हणजे आधी अँटीव्हायरस बंद करायचा आणि मग कुणी बनवलाय हे माहीत नसलेला प्रोग्रॅम अ‍ॅडमिनच्या हक्काने चालवायचा. म्हणजे चोराला किल्ली देऊन वर कुत्रा बांधून ठेवण्यासारखंच आहे हे. आणि मग त्याच मशीनवरून आपण नेट बँकिंग करतो. मिंट फुकट आहे, कायदेशीर फुकट आहे, अ‍ॅक्टिव्हेट करायचं काही नसतंच, आणि मला विचाराल तर घरगुती वापरासाठी सिक्युरिटीचा अर्धा फायदा इथेच होतो, पुढचं सगळं नंतर.

तर मिंट म्हणजे काय, थोडक्यात. क्लेमंट लफेव्र नावाच्या माणसाने २००६ मध्ये सुरू केलं, उबुंटू ह्या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर बांधलेलं आहे, मिंट २२ हे जुलै २०२४ मध्ये आलं आणि उबुंटू २४.०४ वर आहे. तीन रूपांत मिळतं, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. सिनॅमन सगळ्यात देखणं, एक्सएफसीई सगळ्यात हलकं. कमीत कमी २ जीबी रॅम असं ते लिहितात पण ४ असेल तरच घ्या, कारण सिस्टिम एक-सव्वा जीबी घेते आणि बाकी सगळं आजकाल क्रोम खातो.

दिसायला कसं, तर खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, वायफाय, आवाज. एमएस-सीआयटी केलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत परकं वाटत नाही. बाबांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा 'हे विंडोज सातसारखं आहे की' असं म्हणाले आणि त्यांच्या दृष्टीने ती मोठी तारीफ होती. फाइल मॅनेजर तसाच, उजवं क्लिक तसंच, डेस्कटॉपवर फोल्डर ठेवता येतात. विंडोज ११ ने जेवढे बदल त्यांच्या माथी मारले असते त्यापेक्षा मिंटने कमी मारले, हे माझं प्रामाणिक मत आहे.

आता इन्स्टॉल करण्याबद्दल, कारण लोक इथेच घाबरतात. साधारण ३ जीबीची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम ह्या एका फाइलमध्ये असते) डाउनलोड करायची, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यायचा, रुफस किंवा एचर ह्या प्रोग्रॅमने त्याच्यावर चढवायची आणि पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करायचा. काहीही पुसलं न जाता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालतं, त्यात वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का हे सगळं तपासा, एक संध्याकाळ वापरून बघा आणि मगच इन्स्टॉल दाबा. इन्स्टॉलच्या आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा, हे मी तुम्हाला सांगायला नको पण तरी सांगते कारण 'पुसलं जाईल' ही सूचना लोक वाचत नाहीत.

फाइल डाउनलोड केली की ती तपासायची, हा भाग कृपा करून गाळू नका. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच वेबसाइटवर हल्ला झाला होता, हल्लेखोरांनी १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलून स्वतःची फाइल लावली आणि त्या फाइलमध्ये मागचं दार बसवलेलं होतं. फोरमचा डेटाबेसही चोरीला गेला. लफेव्रने लगेच जाहीर केलं, लपवालपवी केली नाही, सर्व्हर बंद ठेवून दुरुस्त केलं. ह्या गोष्टीमुळे मिंट वाईट ठरतं असं मला वाटत नाही, पण ज्यांनी त्या दिवशी फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला तिच्या ओळखीचा आकडा, जुळवून बघितला त्यांना घोटाळा लगेच कळला असता हे खरंय. साइटवर एसएचए२५६ चा लांबलचक आकडा दिलेला असतो, विंडोजवर सर्टयुटिल ही कमांड असते, ती आपल्या फाइलचा आकडा काढून देते, दोन्ही सारखे आले की झालं. आकड्यांची ती यादीसुद्धा मिंटवाल्यांच्या डिजिटल सहीसकट असते, ती तपासता आली तर आणखी चांगलं, कारण साइटच हॅक झाली तर साइटवरचा आकडाही बदलता येतो.

विंडोज शेजारी ठेवून दोन्ही चालवायचं असेल तर चालतं, पण मी घरच्यांसाठी तसं करत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने सिक्युअर बूटचे, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली सिस्टिम चालू द्यायची ते तपासणाऱ्या सोयीचे, नियम कडक केले आणि दोन्ही सिस्टिम असलेल्या कितीतरी मशीनवर लिनक्स सुरूच होईना, स्क्रीनवर नुसता 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन'चा मेसेज. आपल्याला तो सोडवता येतो, बाबांना येत नाही. एका मशीनवर एकच सिस्टिम ठेवा. आणि जमलं तर त्याच वेळी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क टाका, जुन्या मशीनला तेवढ्याने जो वेग येतो तो कुठल्याच सॉफ्टवेअरने येत नाही.

आता मला ज्यासाठी मिंट खरंच आवडतं ते. अपडेट. खाली उजवीकडे एक छोटी ढाल असते, अपडेट आलं की तिच्यावर ठिपका दिसतो, क्लिक केलं की यादी येते, त्यात सिक्युरिटीचं कुठलं, साधं कुठलं, कर्नेल (सिस्टिमचा गाभा) कुठलं ह्याची वेगवेगळी खूण असते, 'इन्स्टॉल' दाबायचं, पासवर्ड द्यायचा आणि चहा प्यायचा. त्यात सिस्टिम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम, सगळं एकाच यादीतून अपडेट होतं. विंडोजवर प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा अपडेटर, कुणी मधेच विचारतो, कुणी विचारतच नाही, बाबांच्या जुन्या विंडोजवर व्हीएलसी किती वर्षांपूर्वीचा होता ते देव जाणे. इथे काम चालू असताना मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही, त्यामुळे बाबांना अपडेटचा राग येत नाही, आणि राग आला नाही की माणूस अपडेट करतो. मला तर वाटतं घरगुती सिक्युरिटीत ह्याहून मोठं काही नाही.

पण एक तक्रार आहे आणि ती मी जोरात करते. आपोआप अपडेट सुरुवातीला बंद असतात. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशन नावाचा टॅब आहे, तिथे जाऊन चालू करावे लागतात. मिंटवाल्यांनी स्वतःच २०२१ मध्ये ब्लॉगवर लिहिलं होतं की त्यांचे बरेच वापरकर्ते अपडेट लावत नाहीत आणि काही तर सपोर्ट संपलेली जुनी १७ मालिका अजून वापरतायत, त्यानंतर त्यांनी आठवण करून देणाऱ्या सूचना घातल्या. मग एवढं माहीत असताना इन्स्टॉल करतानाच 'आपोआप लावू का' असं विचारायला काय हरकत आहे. बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलचंही तसंच, आत असतो पण बंद असतो, मेनूत फायरवॉल कॉन्फिगरेशन शोधून एक बटण सरकवायचं आहे फक्त. ह्या दोन गोष्टी मी प्रत्येक मशीनवर पहिल्या दिवशी करते, तुम्हीही करा.

तिसरी म्हणजे टाइमशिफ्ट. अपडेटने काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता यावं म्हणून सिस्टिमचा फोटो काढून ठेवणारा प्रोग्रॅम, मिंटमध्ये आधीपासून असतो, पण सुरू आपण करायचा. रोजचे दोन, आठवड्याचे दोन एवढे फोटो ठेवले की पुरतं. मात्र हे सिस्टिमसाठी आहे, तुमच्या लग्नाच्या फोटोंचा बॅकअप हा नाही, तो वेगळा घ्यायचाच. डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट करायचा पर्याय इन्स्टॉलच्या वेळी मिळतो, लॅपटॉप असेल तर नक्की निवडा, ट्रेनमध्ये विसरला तरी आतलं कुणाला दिसणार नाही, फक्त तो पासवर्ड हरवला की आपणही बाहेर, तेव्हा कागदावर लिहून कपाटात ठेवा.

सॉफ्टवेअर टाकायचं तर सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, मोबाइलच्या प्ले स्टोअरसारखं शोधा आणि इन्स्टॉल दाबा. मिंट २२ पासून त्यांनी एक चांगली गोष्ट केलीय, फ्लॅटपॅक ह्या सॉफ्टवेअर वाटायच्या पद्धतीतली जी अ‍ॅप मूळ बनवणाऱ्याने स्वतः टाकली आहेत असं सिद्ध झालेलं नाही ती सुरुवातीला दाखवतच नाहीत, आणि चालू केली तर तशी खूण करून दाखवतात. ह्याचं महत्त्व कळण्यासाठी एक उदाहरण पुरे, उबुंटूच्या स्नॅप स्टोअरमध्ये क्रिप्टो वॉलेटच्या नावाने खोटी अ‍ॅप येऊन लोकांचे पैसे गेलेत. स्टोअर आहे म्हणजे सगळं तपासलेलं आहे असं नसतं. मिंटमध्ये तर स्नॅप २०२० पासून सुरुवातीला बंदच आहे.

आणि आता ते वाक्य, 'लिनक्सला व्हायरस लागत नाही'. असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो मिंट फुकट टाकून देणारा का असेना. मार्च २०२४ ची एक्सझेडची गोष्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण ती मला अजून अस्वस्थ करते. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी साधी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते, आणि ती सांभाळणारा एक दमलेला माणूस. जिया टॅन नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ इमानदारीने मदत केली, विश्वास कमावला, हळूहळू हक्क मिळवले आणि मग ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत लपवून मागचं दार बसवलं, दुरून लॉगिन करायच्या सर्व्हरमध्ये घुसता येईल असं. ते पकडलं कसं, तर मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस ह्या डेटाबेसचा डेव्हलपर दुसरंच काहीतरी मोजत होता आणि त्याला दिसलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं, त्याने खोदत खोदत मूळ शोधलं आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. तोपर्यंत ते दुसऱ्या लिनक्समध्ये, म्हणजे फेडोराच्या आणि डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत, ओपनसुसेच्या टम्बलवीडमध्ये पोचलं होतं. मिंटमध्ये नव्हतं, कारण मिंट उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर चालतं आणि तिथे एक्सझेडची जुनी आवृत्ती होती. लोक मिंटला 'जुनाट पॅकेजं' म्हणून नावं ठेवतात, पण घरच्या माणसाला सगळ्यात नवीन काही नकोच असतं, त्याला इतरांनी आधी वापरून, तपासून झालेलं पाहिजे असतं. गेमिंगवाल्यांना आणि अगदी नवा लॅपटॉप घेणाऱ्यांना नवं कर्नेल लागतं हे मान्य, पण ते ह्या रिव्ह्यूचे वाचक नव्हेत.

दुसरं उदाहरण तर आपल्या देशातलंच. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने बनवलेलं बॉस लिनक्स सरकारी कार्यालयांत वापरतात, तर २०२५ मध्ये एपीटी ३६ ह्या पाकिस्तानशी संबंध जोडल्या जाणाऱ्या हॅकर गटाने त्याच बॉसवर नेम धरला. पद्धत अगदी साधी, मेलमधून झिप पाठवायची, आत पीडीएफसारखी दिसणारी पण प्रत्यक्षात डेस्कटॉपचा शॉर्टकट असलेली फाइल, उघडली की समोर कागदपत्र दिसतं आणि मागे दुसरंच काही उतरवून चालू होतं. म्हणजे सिस्टिम बदलली तरी 'मीटिंगची सूचना' नावाची फाइल बघून क्लिक करणारा हात तोच राहतो. घरच्यांना मी एवढंच सांगते की मेलमधून आलेली झिप मला विचारल्याशिवाय उघडायची नाही, आणि यूट्यूबवर कुणी 'टर्मिनल (म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि हे पेस्ट करा' म्हणालं तर करायचं नाही. ओटीपी मागणारे, डिजिटल अरेस्टवाले, खोट्या वीजबिलाचा मेसेज करणारे, ह्यांना तुमच्या कॉम्प्युटरवर काय आहे ह्याने काडीचा फरक पडत नाही, तिथे मिंट काही वाचवणार नाही.

मराठी टायपिंगवर जरा सविस्तर लिहिते कारण बाकीचे रिव्ह्यू हे सोडून देतात. इन्स्क्रिप्ट येत असेल तर काहीही डाउनलोड करायची गरज नाही, सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथे मराठी जोडायचं, आणि इंग्रजी-मराठी बदलायला एक बटण ठरवायचं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' ह्यातला ऱ्य नीट येतो, शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ, मग हलन्त, मग य. बाबा वाचनालयाचा वार्षिक अहवाल लिबरऑफिसमध्ये असाच टाइप करतात. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्रॅम टाकावे लागतात, त्यात मराठीच्या बऱ्याच पद्धती आहेत आणि गमभनसुद्धा आहे, जुन्या मराठी संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांना ती चटकन हाताला येईल. ही मांडणी करायला अर्धा तास जातो, जाणकार माणूस शेजारी असला तर बरं. मेनू मराठीत करता येतात पण भाषांतर अर्धवट आहे, मी इंग्रजीच ठेवलेत.

अडकतं ते जुन्या फाइलींपाशी. वाचनालयाचे पूर्वीचे अहवाल युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, ते मिंटवर उघडले की सगळी कोल्ह्याकुत्र्याची अक्षरं. त्या फॉन्टची फाइल जुन्या कॉम्प्युटरमधून काढून मिंटच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली की वाचता येतं, छापता येतं, पण त्यात नवीन टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असतं. तेव्हा जुनं वाचायला ठेवायचं आणि नवं सगळं युनिकोडमध्ये करायचं, किंवा कन्व्हर्टरमधून काढून घ्यायचं आणि एकदा डोळ्याखालून घालायचं, कारण कन्व्हर्टर रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकवतात.

ऑफिसचं म्हणाल तर लिबरऑफिस आपली पत्रं, अर्ज, साधे तक्ते ह्यासाठी पुरतं. दुसऱ्याने वर्डमध्ये बनवलेली, टेबलं आणि चौकटी असलेली फाइल आली की मांडणी हलते, मावशीच्या प्रश्नपत्रिकांत हे होतं. तिने आता पीडीएफ पाठवायची सवय लावून घेतली आहे. प्रिंटरमध्ये एचपीचे बहुतेक केबल लावली की दिसतात, त्यांचा ड्रायव्हर मिंटमध्ये असतोच. पण काही जुने छोटे लेझर, जे आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात आणि सीएच्या ऑफिसात हमखास असतात, ते फार छळतात, त्यासाठीच म्हटलं पेन ड्राइव्हवरून आधी तपासा. वायफायची चिप ब्रॉडकॉमची असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून वेगळा ड्रायव्हर घ्यावा लागतो, तोपर्यंत मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्या.

कुणी घेऊ नये हेही स्पष्ट सांगते. टॅलीवर धंदा चालतो त्यांनी घेऊ नये, टॅली विंडोजसाठी बनतं, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनवर ते चालवायचा खटाटोप हिशेबाच्या कामात करू नये. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांचं सगळं कोरल ड्रॉवर असतं, तेही नाही. डिजिटल सहीचं टोकन वापरून टेंडर किंवा रिटर्न भरणाऱ्यांनी ते टोकन आणि ती साइट लिनक्सवर चालते का हे आधी पक्कं करावं, ड्रायव्हर मिळतात पण मार्च अखेरीला त्याच्याशी झगडत बसणं परवडत नाही. अंगठ्याच्या मशीनवर काम असलेल्या सेतूवाल्यांनाही तेच. ह्या लोकांनी पैसे घालून विंडोज ११ चालेल असं मशीन घ्यावं, अस्सल लायसन्ससकट, आणि जुनं घरी मुलांना मिंट टाकून द्यावं.

मिंटशिवाय काय, तर झोरिन हे दुसरं लिनक्स आहे, त्यांची १८ वी आवृत्ती नेमकी विंडोज १० चा सपोर्ट संपला त्याच दिवशी आली, दिसायला मिंटहून जास्त चकचकीत, आणि विंडोजमधून येणाऱ्यांचा विचार केलेला आहे. कुणी झोरिन टाकलं तर मी नको म्हणणार नाही, जुन्या मशीनवर मला मिंट हलकं वाटतं एवढंच. क्रोमओएस फ्लेक्स हे फक्त ब्राउझर वापरणाऱ्यांसाठी छान, पण सगळं गुगल अकाउंटवर, आणि नेट गेलं की हातात फारसं काही राहत नाही. उबुंटू चांगलंच आहे, पण त्याची मांडणी बाबांना नव्याने शिकवावी लागली असती.

आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्या, चार असेल तर एक्सएफसीई. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि मधल्या छोट्या आवृत्त्यांसाठी, म्हणजे २२.१ वरून २२.२ वर जायला वगैरे, फॉरमॅट मारावा लागत नाही, अपडेट मॅनेजरच्या एडिट मेनूत तसा पर्याय येतो, आधी टाइमशिफ्टचा एक फोटो काढायचा आणि तो पर्याय दाबायचा.